नऊ मोठे की दहा?

दोन आकडे घ्यायचे आणि त्यांतला मोठा कुठला ते सांगायचं. एवढंच काम. त्यासाठी समिती नेमावी असं त्यात काही नाही. पण हेच काम पर्ल नावाच्या संगणकी भाषेत एका छोट्याशा सबरूटीनवर, म्हणजे ठरावीक काम करून देणाऱ्या सूचनांच्या तुकड्यावर, सोपवायला बसलं, की पहिल्याच ओळीला भाषा आपल्याला अडवते. मोठा म्हणजे कसा मोठा? आकडा म्हणून, की अक्षरं म्हणून? समोर नऊ आणि दहा उभे असतात, आणि यात विचारण्यासारखं काय आहे हेच आपल्याला कळत नाही.

विचारण्यासारखं आहे. आकडा म्हणून दहा मोठे, यात वाद नाही. पण दहा लिहिताना आधी एक येतो, मग शून्य. शब्दकोश लावायच्या रीतीने पाहिलं तर एकाने सुरू होणारं काहीही नवाच्या आधी येणार. दहा आधी, शंभर आधी, हजार, लाख, कोटी, सगळे आधी, नऊ शेवटी. ही रीत काही परग्रहावरची नाही. आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर थकबाकीदारांची यादी लागते, तिच्यात फ्लॅट एकनंतर फ्लॅट दहा असतो, मग अकरा, बारा, तेरा आणि बऱ्याच वेळाने, खाली कुठेतरी, दोन. फ्लॅट दोनमधल्या गृहस्थांची या यादीबद्दल आजवर एकही तक्रार नाही. यादी तिथवर वाचतं कोण?

पर्ललाही काही न सांगता आकड्यांची यादी क्रमाने लावायला दिली तर ती अशीच लावते. तिला सांगावं लागतं की बाई, हे आकडे आहेत. आणि सांगायची सोय तिने फार विचाराने करून ठेवलेली आहे. आकडे म्हणून तुलना करायची असेल तर गणितातली चिन्हं वापरायची: `==`, `<`, `>`. अक्षरं म्हणून करायची असेल तर अक्षरंच वापरायची: ईक्यू, एलटी, जीटी. आकड्यांना चिन्हं, अक्षरांना अक्षरं. पहिल्यांदा हे वाचताना उगाच दुप्पट पाठांतर वाटतं. नंतर त्यातली खुबी कळते.

खुबी अशी, की बऱ्याच भाषांमध्ये जात वस्तूला चिकटलेली असते. हा आकडा, ही अक्षरं, जन्मतःच ठरलेलं. मग एकाच चिन्हाने सगळ्यांची तुलना करता येते, कारण कोण कोण आहे ते आधीच ठाऊक असतं. पर्लमध्ये वस्तूला जात नाही. फाइलमधून 'दहा' आले, कीबोर्डवरून आले, कुठूनही आले, ते नुसतेच आले. ते आकडा आहेत की अक्षरं, हे त्यांना विचारून उपयोग नाही. ज्याने प्रश्न विचारला त्याने प्रश्नातच सांगायचं. म्हणजे समानता वस्तूंमध्ये नसते, विचारणाऱ्याच्या तोंडात असते. मला हे फार आवडतं. दोन गोष्टी सारख्या आहेत का असं कुणी विचारलं की आधी 'कशाच्या बाबतीत?' असं उलट विचारणारा माणूस चारचौघांत आगाऊ ठरतो. पर्लने तो आगाऊपणा व्याकरणात घालून ठेवला. जावास्क्रिप्टने हे सौजन्य दाखवलं नाही. तिथे `<` हे चिन्ह एकच, आणि दोन्हीकडे अक्षरं आली तर ती निमूटपणे शब्दकोशी रीतीने दहाला नवाहून लहान ठरवते. एका बाजूला आकडा असला तर तेच उत्तर उलटं.

पर्लचा कर्ता लॅरी वॉल. १८ डिसेंबर १९८७ ला त्याने पर्लची पहिली आवृत्ती बाहेर काढली. हा गृहस्थ भाषाशास्त्र शिकलेला. लिपी नसलेली एखादी भाषा शोधून तिला लिपी करून द्यायची, असा एके काळी त्याचा आणि त्याच्या बायकोचा बेत होता. तो फळाला आला नाही, आणि जगाला एका लिपीऐवजी पर्ल मिळाली. (पर्लचा कोड पाहून 'ही कुठली लिपी?' असं विचारणारे बरेच असतात, तेव्हा मूळ बेत अगदीच वाया गेला म्हणता येणार नाही.) उत्तम प्रोग्रॅमरचे तीन सद्गुण म्हणून त्याने आळस, उतावीळपणा आणि अहंकार सांगितले. हे वाचून आपण आधीच पात्र आहोत असं वाटून माझ्यासकट पुष्कळ लोक या क्षेत्रात आले असावेत.

भाषाशास्त्र शिकल्याचा पुरावा सबरूटीनच्या दारातच मिळतो. सबरूटीनला आपण दोन आकडे देतो, पण तिला ते 'पहिला' आणि 'दुसरा' अशा नावांनी मिळत नाहीत. जे काही दिलं ते सगळं एका यादीत पडतं, आणि त्या यादीचं नाव `@_`. नाव ठेवायचाही आळस. हल्ली, म्हणजे २०२२ च्या ५.३६ या आवृत्तीपासून, कंसात सरळ नावं लिहायची रीत अधिकृत झाली. तोवर पस्तीस वर्षं लोक या बिननावाच्या यादीतून आपापले आकडे उचलून घेत होते. आता उचलताना कंस घातला, तर पहिला आकडा हातात येतो. कंस विसरला, तर हातात येतात 'दोन'. कारण यादी अनेकवचनी, आणि ती तुम्ही एकवचनी भांड्यात ओतायला गेलात. एकवचनात अनेकांबद्दल एकच गोष्ट सांगता येते, ती म्हणजे किती जण आहेत. 'पाहुण्यांचं काय?' या प्रश्नाला 'दोन' असं उत्तर येतं, तसं. नवशिका बिचारा पाचशे आणि सातशे देतो, सबरूटीन दोनाची गोष्ट करत बसते, आणि हे दोन आले कुठून याचा शोध घेत त्याची दुपार जाते.

आकडे हातात आले की तुलना. इथे पर्लकडे एक खास चिन्ह आहे, `<=>`. लोक त्याला स्पेसशिप म्हणतात, आणि जुन्या व्हिडिओ गेममधल्या उडत्या तबकड्या पाहिलेल्यांना वेगळं समजावावं लागत नाही. डावा लहान असेल तर ते उणे एक देतं, उजवा लहान असेल तर एक, सारखे असतील तर शून्य. पुढे रुबीने, पीएचपीने आणि सरतेशेवटी सी प्लस प्लसनेही हे यान आपल्या अंगणात उतरवून घेतलं. पण त्याची खरी मजा पर्लमध्येच, कारण पर्लमध्ये शून्य म्हणजे खोटं. त्यामुळे तुलना बरोबरीत सुटली, तर ती 'काही ठरलं नाही' अशीच मानली जाते, आणि 'अथवा' लावून पुढची तुलना जोडता येते. आधी गुण पाहा, अथवा नाव पाहा. एके काळी बोर्डाच्या गुणवत्ता याद्या लागायच्या, तेव्हा समान गुणांच्या मुलांपैकी वर कोण छापायचा या प्रश्नावर घराघरांत किती रक्त आटलं असेल! पर्ल ते एका ओळीत मिटवते. आणि यादी उलटी करायची असेल तर यानाच्या दोन बाजूंची नावं अदलाबदल करायची, बस्स. ही नावंही ठरलेली, 'ए' आणि 'बी'. बाकी सगळ्या व्हेरिएबलना कडक शिस्त लागू केली तरी या दोघांना त्यातून सूट आहे. सूट दिलेली नावं कुठल्या व्यवस्थेत नसतात?

बरोबरीच्या चिन्हाबद्दल थोडं सांगायलाच हवं. ते काढलं वेल्समधल्या रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वैद्याने, १५५७ साली. 'च्या बरोबर आहे' असं पुन्हा पुन्हा लिहून तो कंटाळला (पाहा, आळसाचा सद्गुण तेव्हाही होता) आणि त्याने दोन समांतर रेघा मारल्या, कारण त्याच्या मते समांतर रेघांच्या जोडीहून अधिक सारखं जगात दुसरं काही नाही. पुढच्याच वर्षी तो तुरुंगात वारला, पण त्याचा या चिन्हाशी संबंध नाही. संगणकवाल्यांनी त्याचं हे चिन्ह घेतलं आणि 'उजवीकडचं डावीकडे ठेव' या हुकुमाला लावून टाकलं. मग खऱ्या बरोबरीसाठी तेच चिन्ह दोनदा मारायची पाळी आली. एकदाच मारलं तर काय होतं? सबरूटीन दोन आकडे सारखे आहेत का ते पाहत नाही, ते सारखे करून टाकते, आणि मग 'होय, सारखे आहेत' असं सांगते. चौकशीचा हा प्रकार आपल्याला अगदीच अनोळखी नाही.

हे झाले पूर्णांक. अपूर्णांक आले की खरी गंमत सुरू होते. शून्य पूर्णांक एक दशांश आणि शून्य पूर्णांक दोन दशांश यांची बेरीज करा, आणि ती ०.३ शी ताडून पाहा. पर्ल म्हणते, सारखे नाहीत. बरं, बेरीज किती आली ते छापून दाखव, म्हटलं, तर ती छापते ०.३. तोंडावर सांगते, तीनच आहे. आणि वर सांगते, पण तीनाबरोबर नाही. कारण छापताना ती साधारण पंधरा आकड्यांपर्यंतच तोंड उघडते. सगळं बोलायला लावलं तर कळतं की तीननंतर पंधरा शून्यं आहेत आणि त्यांच्यामागे एक चार दडून बसलेला आहे.

दोष पर्लचा नाही. १९८५ साली ठरलेल्या आयईईई ७५४ या मानकाप्रमाणे, ज्यामागे विल्यम काहान या गणितज्ञाची मेहनत आहे, बहुतेक सगळे संगणक अपूर्णांक दोनाच्या हिशोबात ठेवतात: अर्धा, पाव, अष्टमांश, सोळांश असे तुकडे जोडून. आपल्याकडे एक भागिले तीन करायला गेलं की तीन-तीन-तीन करत कागद संपतो, तसं दोनाच्या हिशोबात एक दशांशाचं होतं. तो कधीच पुरा लिहून होत नाही. कुठेतरी कापावा लागतो, आणि कापलेल्या जागेतून तो चार आत येतो.

हे कळल्यावर मला आमच्या आजीच्या पिढीचा हिशोब आठवला. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी: पाठ करताना त्या पिढीने छड्या खाल्लेल्या या पाढ्यांमधला एकूण एक अपूर्णांक संगणकात तंतोतंत बसतो. सगळे अर्ध्यापावाचे. आणि रुपयाचे आणे सोळा! अधेली म्हणजे अर्धा, पावली म्हणजे पाव, चवली म्हणजे अष्टमांश, आणा म्हणजे सोळांश, आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे जुना पैसा रुपयाचा चौसष्टावा भाग. एकही कापावा लागत नाही. दोन आणे अधिक सहा आणे यांची बेरीज आठ आण्यांशी ताडून पाहिली तर पर्ल बिनशर्त 'सारखे' म्हणेल. म्हणजे संगणकासाठी मुद्दाम बनवलं असतं तरी याहून सोयीचं नाणं जमलं नसतं. आणि १ एप्रिल १९५७ ला आपण ते मोडीत काढून दशमान नवे पैसे आणले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा आपला संगणक पुरता चालू झाला १९६० मध्ये. तोवर आणे इतिहासजमा झालेले. आता रुपयाच्या शंभर पैशांपैकी पंचवीस, पन्नास आणि पंच्याहत्तर एवढेच मुक्काम संगणकाला नेमके जमतात, बाकी सगळे अंदाजे. दशमान पद्धत सोयीची आहे, शाळेतल्या पोरांची छड्यांतून सुटका झाली, सगळं मान्य. पण एवढा जुळलेला संसार तीन वर्षांच्या चुकामुकीने मोडावा याची चुटपुट लागतेच.

जुन्या व्यवस्थेतही एक खोड होती म्हणा. आण्याच्या पै बारा. रुपयाच्या एकशे ब्याण्णव. बारात तीन लपलेला आहे, आणि तीन आला की दोनाचा हिशोब पुन्हा कागद संपेस्तोवर चालू. चवली चालते, पावली चालते, जुना पैसाही चालतो. पण पै म्हटली की संगणक चुकला. ज्याची आपण शपथ घेतो तो पै-पैचा हिशोब तेवढा जमणार नाही.

मग व्यवहारी लोक काय करतात? शहाणे असतील तर रुपयांत हिशोब ठेवतच नाहीत. सगळं पैशांत, पूर्णांकात ठेवतात आणि टिंब फक्त छापताना देतात. बाकीचे सबरूटीनला सांगतात, दोघांमधला फरक काढ, तो अमुक इतक्याहून कमी असला तर सारखे समज. अमुक म्हणजे किती, ते यंत्र सांगत नाही. उपग्रहाच्या हिशोबात एक, भाजीच्या हिशोबात दुसरा. तो आपला आपण ठरवायचा, आणि ठरवला की नवीन भानगड सुरू. भाचा मामासारखा दिसतो, मामा आजोबांसारखा दिसतो, पण भाचा आणि आजोबा शेजारी बसवले तर एक नाक सोडून काही जुळत नाही. 'जवळजवळ सारखे' हे नातं पुढे पोचवता येत नाही. यादी लावणाऱ्या यंत्रणेला मात्र ते पोचतं असं वाटत असतं. तिला अशी मोकळीढाकळी तुलना दिली तर ती कुणाला कुठे बसवेल याचा नेम नाही.

एक मूल्य तर स्वतःसारखंही नसतं. अनंतातून अनंत वजा केला की जे येतं त्याला 'आकडा नव्हे' म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांत नॅन. ते स्वतःशी ताडलं तरी उत्तर 'सारखे नाहीत'. किंबहुना ते ओळखायची जुनी युक्तीच ही: जो स्वतःशी जुळत नाही तो नॅन. स्पेसशिपला दोन्ही बाजूंना हे दिलं तर ते उणे एक, शून्य, एक यांतलं काहीच देत नाही. नुसतं हात वर करतं. आणि याच्या उलट टोकाला एक लाडकं वाक्य आहे, 'झीरो बट ट्रू'. काही जुन्या आज्ञा यशस्वी झाल्या तर शून्य देतात. पण पर्लमध्ये शून्य म्हणजे खोटं, मग यश आलं हे सांगायचं कसं? तेव्हा या आज्ञा शून्याऐवजी हे वाक्यच परत करतात. आकडा म्हणून पाहिलं तर शून्य, खरंखोटं म्हणून पाहिलं तर खरं. एरवी आकड्याच्या जागी अक्षरं आली की पर्ल वॉर्निंग देऊन कुरकुरते. या एका वाक्यापुरती ती मुद्दाम गप्प बसते.

कुरकुरते, पण काम अडवत नाही, हा तिचा मूळ स्वभाव. आकड्याच्या जागी 'बारा ए' आलं तर ती सुरुवातीचे बारा घेते आणि पुढचं सोडून देते. तेव्हा आकडा म्हणून पाहता फ्लॅट बारा-ए आणि बारा-बी एकच. स्वल्पविराम दिसला की तिथेच थांबते, त्यामुळे लाख रुपये नीट आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन लिहिले तर तिच्या लेखी तो एक रुपया. ई विंगवाल्यांची कथा वेगळीच: तीन-ई-दोन हा पत्ता वाचून तिला दोन शून्यांचा शास्त्रीय आकडा दिसतो आणि ती तीनशे म्हणते, तेही न कुरकुरता.

आणि आपले आकडे? देवनागरीतला १० हा आकडा आहे का, असं पर्लच्या नमुना जुळवणाऱ्या यंत्रणेला विचारलं, म्हणजे अक्षरं नीट उलगडून दिली असतील तर, ती म्हणते, आहे, हे अंकच आहेत. युनिकोडच्या वहीत शून्यापासून नवापर्यंत सगळ्यांची रीतसर नोंद आहे. मग त्याची किंमत किती, असं विचारलं, तर म्हणते शून्य. अक्षरांचा आकडा करताना पर्ल फक्त इंग्रजी अंक ओळखते. हे तिच्या माहितीपुस्तकातही लिहिलेलं आहे. म्हणजे दारावरचा पहारेकरी ओळखपत्र पाहून आत सोडतो, आणि आतला कारकून म्हणतो, असा कुणी आमच्या यादीत नाही. `==` लावून विचारलं तर देवनागरीतले १० आणि २० सारखेच, दोघंही शून्य. आपले अंक खऱ्या किमतीला वाचणारा नम नावाचा एक कामगार युनिकोडच्या मोड्यूलमध्ये आहे, पण त्याला मुद्दाम बोलवावं लागतं. आपणहून तो येत नाही.

त्यामुळे या लेखातले सगळे सन, १५५७ काय आणि १९८७ काय, पर्लच्या दृष्टीने एकाच वेळी घडलेले आहेत. माझी त्याला हरकत नाही. संपादकांना एवढीच विनंती, की मानधनाचा आकडा हिशोब विभागाकडे पाठवताना तो इंग्रजी अंकांत लिहावा, आणि कृपा करून मध्ये स्वल्पविराम देऊ नये.